नळी कोरायची की बदलायची

३ नोव्हेंबर

मोसम काल संपला. दर वर्षी या वहीत मी मूस, म्हणजे घोड्याएवढी हरणं, किती पडली, मांसाचे वाटे कसे झाले आणि हवा कशी होती एवढंच लिहितो. यंदा दुसरंच लिहावं लागतंय. लिहून टाकलं म्हणजे सुटलो.

गेल्या शनिवारी मोठ्या खडकाच्या ठाण्यावर उभा होतो. हे ठाणं आमचं. आधी बाबा उभे राहायचे, त्यांच्यानंतर मी. मला एकेचाळीस वर्षं झाली, आम्हा दोघांखेरीज तिथे तिसरा माणूस उभा राहिलेला नाही. एस्कोच्या कुत्र्याने एक मादी बरोबर माझ्यासमोर आणून सोडली. साठ पावलांवर, आडवी, गप्प उभी. एवढ्यावरून डोळे झाकून मारली तरी पडायला हवी. पण गोळी पोटात लागली. मादी दलदलीत शिरली. एस्को, म्हणजे आमच्या टोळीचा म्होरक्या, कुत्र्याला घेऊन दोन दिवस गुडघाभर चिखलात फिरला. सोमवारी ती सापडली तेव्हा मरून पडली होती आणि मांस फुकट गेलं होतं. दोन दिवस तिने काय भोगलं असेल ते मी इथे लिहीत नाही.

टोळीत कोणी चकार शब्द काढला नाही. आमच्याकडे काढत नाहीत. मी विल्योची वाट बघत होतो. तीन वर्षांपूर्वी त्याच्या हातून एक नर सुटला आणि त्याने दुर्बिणीवर खापर फोडलं, तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "नाचता येईना अंगण वाकडं." वर्षभर त्याला 'अंगण' म्हणूनच हाक मारत होतो. आज त्याची पाळी होती. पण तो आला, माझ्या कपात कॉफी ओतली आणि म्हणाला, "नळी झिजली असेल रे. किती जुनी आहे ती."

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. पण तो म्हणतो त्यात तथ्य आहे. नळीच असणार. मी तोच आहे ना.

पुढच्या ऑगस्टमध्ये माझं नेमबाजीचं कार्ड संपतंय. पंच्याहत्तर मीटरवर मूसचं चित्र, खांद्यामागे ताटलीएवढं वर्तुळ, चार गोळ्या. चारही आत गेल्या तर कार्ड, आणि कार्ड असेल तर ठाणं. तोवर बंदुकीचं बघायला हवं.

१९ नोव्हेंबर

कोठाराचं दार वाकलंय. चौकट मधेच पोटात दुखल्यासारखी आत गेली आहे. सकाळी ओळंबा लावला, तर ओळंब्याचा दोराही वाकडा. दोन्ही डोळ्यांनी बघितलं की जरा कमी, नेम धरतो तसा डावा डोळा मिटला की जास्त. थंडीने दोर आखडला असेल. बिजागऱ्या काढून दार उतरवलं, चौकट ठोकली, परत बसवलं. आता ते लागतच नाही.

ऐला बाहेर आली. "चांगलं लागत होतं की दार."

"वाकडं होतं."

"मला तर सरळ दिसत होतं."

एकोणचाळीस वर्षांच्या संसारात बायकोला एकदाही ओळंबा धरता आला नाही आणि ही मला सरळ-वाकडं शिकवते.

६ जानेवारी

उणे एकतीस. बाहेर करण्यासारखं काही नाही, म्हणून बंदूक टेबलावर घेतली. मागचा बोल्ट काढला, नळीचं तोंड खिडकीकडे केलं आणि आतून बघितलं.

सापडलं. नळी वाकली आहे. मध्यावर, साप गेल्यासारखी. गोळीला फिरकी देणारे आतले आटे पुढे जाता जाता एका बाजूला ओढले गेलेत आणि बरोबर मधे एक काळपट डाग आहे. गंज असेल. तो डाग मी तेल आणि चिंधी घालून तासभर घासला. जात नाही.

ऐलाला म्हटलं, "बघ." तिने बघितलं. "गोल आहे, चकचकीत आहे. डाग कुठाय?" मग माझ्याकडे बघत राहिली. "कालेर्वो, तू आज सकाळी कॉफी कपाबाहेर ओतलीस, सगळी बशीत."

"ते नवीन कप उथळ आहेत."

"दहा वर्षं तेच कप आहेत."

म्हटलं ना, बायकांना नळीतलं काय कळतं. पण मला फार बरं वाटलं. दोन महिने मी स्वतःलाच खात होतो. आता निदान कारण कळलं.

११ एप्रिल

बंदूक घेऊन तौनोकडे गेलो. तौनो हा बंदुका दुरुस्त करणारा, माझ्याच वयाचा, शेजारच्या गावात राहतो, बोलणं मोजून मापून. गाडी ऐलाने चालवली. बर्फावरून ऊन फार चकाकतं आजकाल.

तौनोने दिवा लावून नळी बराच वेळ बघितली.

"वाकली आहे ना?" मी म्हटलं.

"कुठे?"

"मधे. धडधडीत दिसतंय की."

त्याने बंदूक खाली ठेवली आणि चष्मा पुसला. मग बंदुकीकडे न बघता माझ्याकडे बघितलं. ऐलाला विचारलं, "गाडी कोणी आणली?" ती म्हणाली, "मी." यावर तो नुसता हुंकारला. त्याचा आणि गाडीचा काय संबंध, देव जाणे.

मग म्हणाला, "झीज आहे, पण या वयाच्या नळीला असते तेवढीच. तुला काही करायचंच असेल तर दोन वाटा आहेत. नवी नळी घालता येते. किंवा हीच आतून कोरून मोठी करता येते, नवे आटे पाडायचे. आत्ता आठ-दोन मिलिमीटरची आहे, तिची नऊ-तीन होईल. भिंत जाड आहे, सोसेल."

"मग वाकडेपणा जाईल?"

त्याने दिवा विझवला. म्हणाला, "नवी घातलीस तर जुनी काढून तुझ्या हातात देईन. पण एकदा कोरली की कोरली. काढलेलं लोखंड परत भरता येत नाही. आठ दिवस माझ्याकडे ठेव. आधी मारून बघतो."

१९ एप्रिल

बंदूक आणली. तौनोने एक पाकीट दिलं. "घरी जाऊन वाच. निवांत." बोलताना बघत होता आपल्या बुटांकडे. ऐला गाडीतच बसली होती.

जेवण झाल्यावर उघडलं. एक चिठ्ठी आणि घडी घातलेला एक पुठ्ठा. तौनोचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. त्यातून पेन्सिलीने लिहिलेलं. ज्या शब्दावर बघावं तोच कोणी बोटाने पुसल्यासारखा, बाजूचे दिसतात. 'कालेर्वो' वाचलं, खाली 'तौनो' वाचलं. मधली सगळी मापं असणार, आणि पुठ्ठ्यावर मापांचा तक्ता. मापं त्याची त्याला लखलाभ. ऐलाकडून वाचून घेतलं असतं, पण ती लगेच डोळ्यांचं पुराण लावेल. पाकीट वहीच्या मागच्या कप्प्यात घातलं.

२ मे

झोपताना, उठताना, जेवताना एकच. कोरायची की बदलायची.

नवी नळी म्हणजे नवी. सरळ, निर्धोक. पण जुन्या नळीवर लाकडाच्या आत बाबांनी ठोकलेली अक्षरं आहेत, ओ. एच. १९५६. ओत्तो हेइकुरा. ती बंदूक लढाईवरून आलेली. लढाईनंतर सरकार म्हणालं, लष्करी मापाची बंदूक घरात ठेवता येणार नाही. तेव्हा कितीतरी लोकांनी नळ्या कोरून घेतल्या आणि आठ-दोन केल्या. बाबांनीही केली आणि त्या दिवशी नाव ठोकलं. म्हणजे कोरणं हे आमच्या घरात आधी झालेलं आहे. शिवाय आठ-दोनची काडतुसं आता मिळत नाहीत, मी एकेक जपून वापरतो.

एस्कोला फोन केला. तो म्हणाला, "यंदा माझी दुसरी बंदूक घेऊन परीक्षा द्या ना. मग सावकाश ठरवा."

म्हटलं, "दुसऱ्याची बंदूक आणि दुसऱ्याचा दातांचा ब्रश मी वापरत नाही."

"एकदा तरी मारून बघा कालेर्वो. नुसतं कळण्यासाठी."

काय कळण्यासाठी? हल्ली सगळे अर्धवट बोलतात.

११ मे

भांडण झालं. ऐलाने मला न विचारता शहरात, कयानीला, डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली होती, परवाची. मी फोन करून रद्द केली.

ती म्हणाली, "तुला काळ्या भाकरीवरची बुरशी दिसली नाही. काल तू विल्योला ओळखलं नाहीस, आवाज ऐकल्यावर ओळखलंस."

"तो उन्हाकडे पाठ करून उभा होता."

"तुला भीती वाटते."

"कसली भीती? नळी वाकडी आहे म्हणून गोळी वाकडी जाते, यात भीती कसली?"

ती उठून गोठ्यात गेली. गोठ्यात गाय नाही, आठ वर्षं झाली. तिथे जाऊन नुसती उभी राहते.

खरं लिहायचं तर वाटते भीती. डॉक्टर म्हणाला की म्हातारा झालास, तर टोळी ऐकेल, आणि पुढच्या वर्षी खडकावर दुसरं कोणी उभं असेल. बाबा गेले त्या वर्षीही मोसमात खडकावर होते. मला तेवढंच हवं आहे, दुसरं काही मागत नाही.

२० मे

ठरलं. कोरायची. नाव राहील, लोखंड तेच राहील, आतून नवी होईल. तौनोला फोन केला.

"मी लिहिलेलं वाचलंस का?" त्याने विचारलं.

"वाचलं."

पलीकडची यंत्राची घरघर एकदम बंद झाली. वाटलं फोन तुटला.

"सगळं?"

"सगळं रे. शाळेत गेलोय मी."

"आणि तरीही कोरायची म्हणतोस?"

"तरीही."

"बरं," तो म्हणाला. "तुझी बंदूक आहे."

मापं वाचली नाहीत हे कशाला सांगायचं. निर्णय माझा आहे, मापांचा नाही.

१४ जुलै

बंदूक आली. पोलिसांच्या कागदावर नवं मापही चढलं. लाकूड काढून बघितलं, बाबांची अक्षरं जशीच्या तशी. बोटाने चाचपली. तौनो म्हणाला, "मी मारून बघितली आहे. चांगली मारते." पण तोंड असं की कुणाच्या मयताला आलाय. मी मिठी मारायला गेलो तर मागे सरकला. आम्ही काही मिठ्या मारणारी माणसं नाही म्हणा, माझंच चुकलं.

घरी येऊन नळीतून बघितलं.

अजून वाकडी दिसते. मधला डागही आहे.

सवय असेल. सहा महिने वाकडी बघितली, डोळ्याला तीच ओळखीची झाली.

२ ऑगस्ट

वाळूच्या खाणीत सराव. विल्यो सोबत आला, पुठ्ठे लावायला. दहा गोळ्या मारल्या. पुठ्ठ्यावर दोन. नऊ-तीनचा धक्का भयंकर आहे, खांदा निळा पडला. शिवाय नळीच्या टोकावरची माशी, जी सावजावर धरायची ती, नेम धरताना विरघळल्यासारखी होते, नेमक्या वेळी नाहीशी होते. तौनोने माशी बारीक घासली असेल.

विल्यो म्हणाला, "डाव्या खांद्यावरून, डाव्या डोळ्याने मारून बघ."

"मी डावखुरा आहे का?"

"नाही. नुसतं बघ."

मी ऐकलं नाही. परत येताना तो पुढे चालत होता आणि मी मागे. एका मुळात पाय अडकून पडलो. त्याने मला उठवलं आणि हात सोडलाच नाही, गाडीपर्यंत. मीही सोडवला नाही.

२३ ऑगस्ट

नापास.

पहिली फेरी, चारही बाहेर. पुन्हा दे म्हणाले. दुसरी फेरी, एक वर्तुळात, तीन कुठे गेल्या कोणाला सापडल्या नाहीत. मागे दहाबारा जण रांगेत उभे होते. मी म्हटलं, "नळी नीट कोरली गेली नाही. तौनोला विचारायला हवं."

एस्को जमिनीकडे बघत होता. मग विल्यो पुढे आला आणि माझ्या हातातून बंदूक घेतली. मी देत नव्हतो, त्याने हळूच ओढून घेतली. उभा राहिला, चार बार काढले. पुठ्ठा आणून माझ्या हातात ठेवला. चारही भोकं माझ्या तळव्याखाली झाकली जात होती.

मला वाटलं, आता म्हणेल अंगण वाकडं. त्याने म्हणायलाच हवं होतं, मी त्याला वर्षभर छळलंय. पण तो म्हणाला, "चूक माझी आहे. नळी झिजली असेल असं मीच म्हटलं होतं. तुला बरं वाटावं म्हणून म्हटलं. मला काय माहीत तू मनावर घेशील."

ऐला गाडीत होती. मी बसल्यावर म्हटलं, "घे ती डॉक्टरची वेळ."

४ सप्टेंबर

कयानी. डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई, मायाळू. चौकटींचा एक कागद समोर धरला, वहीच्या पानासारखा, मधे ठिपका. उजव्या डोळ्याने बघा म्हणाली.

"रेघा कशा दिसतात?"

"वाकड्या," मी म्हटलं. "मधे साप गेल्यासारख्या. आणि ठिपका नाहीच."

"रेघा सरळ आहेत," ती म्हणाली.

मग औषध घालून डोळ्यात बघितलं, फोटो काढले. डोळ्याच्या पडद्यामागे रक्त आणि पाणी झिरपून व्रण झालाय. उजवा गेला. कडेकडेचं दिसत राहील, मधलं नाही. डाव्यातही सुरू झालंय. दर महिन्याला सुई टोचायची. थांबलं तर थांबलं.

"हे कधीपासून आहे?" तिने विचारलं.

ऐला म्हणाली, "नोव्हेंबरपासून. कोठाराचं दार उतरवलं तेव्हापासून."

"वसंतात आला असतात तरी बराचसा वाचवता आला असता," डॉक्टर म्हणाली. रागावून नाही, नुसती माहिती दिली. "एप्रिल-मेपर्यंतसुद्धा."

एप्रिल-मेमध्ये मी नळीचा विचार करत होतो.

९ ऑक्टोबर

मोसम आज सुरू झाला. जाड काळ्या पेनाने लिहितोय, पानावर पाच ओळी मावतात. ऐला म्हणते ओळी डोंगर चढतात. चढू देत. डाव्या डोळ्याला दोन सुया झाल्या. फरक नाही.

बंदूक विल्योला दिली, पोलिसांचा कागद करून. ठाणंही त्यालाच दिलं. एस्कोने विचारलं तेव्हा मी म्हटलं, "अंगणाला द्या." कोणी हसलं नाही. मग विल्योच हसला, तेव्हा बाकीचे हसले.

सकाळी ऐला आणि मी पायरीवर बसलो होतो, कॉफी घेऊन. कप ती माझ्या हातात देते आता. मी तिला म्हटलं, वहीत बघून सांग, दार मी नक्की कोणत्या तारखेला उतरवलं. डॉक्टरला सांगायचं होतं. तिने वही उघडली, मागच्या कप्प्यातून पाकीट खाली पडलं.

"हे काय?"

"तौनोची मापं. वाच, वाचायचं असेल तर."

तिने वाचलं. मोठ्याने.

"कालेर्वो, तुझ्या नळीला काही झालेलं नाही. ती सरळ आहे. शंभर मीटरवरून मारलेल्या माझ्या तीन गोळ्या पुठ्ठ्यावर आहेत, त्या बघ. नळी बदलू नकोस आणि कोरू तर अजिबात नकोस, अशी नळी आता मिळत नाही. माझ्या भावालाही सरळ गोष्टी वाकड्या दिसायला लागल्या होत्या. तो उशिरा गेला. तू उद्याच्या उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. तोंडावर सांगायला मला जमलं नाही. तौनो."

खाली तारीख होती, अठरा एप्रिल.

"त्याने फोनवर विचारलं होतं तुला," ऐला म्हणाली. "वाचलंस का म्हणून. मी ओट्याशी होते. तू वाचलं म्हणालास."

"दिसलं नव्हतं."

"मग तसं सांगायचं."

तिने पुठ्ठा उघडून माझ्या हातात दिला. बोटं फिरवली. तीन भोकं म्हणून शोधत होतो, एकच लागलं, कडा फाटलेलं. अंगठा घातला तर आत गेला. तीन गोळ्या एकाच भोकातून गेल्या होत्या. बाबांची नळी ती. आता तिच्यातलं लोखंड तौनोच्या दुकानात केरात गेलं असेल.

ऐलाने विचारलं, "हे कुठे ठेवू?"

"होतं तिथेच ठेव," मी म्हटलं. ती पाकीट घेऊन बसून राहिली. तिचा हात माझ्या गुडघ्यावर होता, आणि ती रडत होती हे मला हातावरून कळलं.

साडेदहाच्या सुमाराला खडकाच्या बाजूने बार ऐकू आला. एकच. एकच बार म्हणजे मूस पडला. एकेचाळीस वर्षं ती बंदूक मी वाजवली, त्याआधी बाबांची ऐकली. गावात कुठूनही ओळखायचो, कोरडा, चटकन संपणारा आवाज. हा जड होता आणि रानात बराच वेळ घुमत राहिला.

"आपलीच का?" ऐलाने विचारलं.

मी कान देऊन ऐकलं, संपेपर्यंत.

"काय माहीत," मी म्हटलं.